शिलाईतली माया आणि दानाची थैली

विचारणाऱ्या ताई कोल्हापुरातल्याच आहेत. घरी ब्लाऊज शिवतात. मालक सेंट्रिंगच्या कामाला जातात, पावसाळ्यात ते काम निम्म्यावर येतं. सासूबाईंना शुगर आहे, महिन्याच्या महिन्याला औषधं लागतात. मध्यंतरी त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दशमांशावर (मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्यावर) उपदेश झाला आणि थैली पुढं आली तेव्हा ताईंच्या पर्समध्ये वीसची एकच नोट होती. ती टाकताना मान वर झाली नाही, म्हणतात. "मला गाता येत नाही, चारचौघांत प्रार्थना करता येत नाही, पैसे तर नाहीतच. मग मी प्रभूला देऊ तरी काय?" असा त्यांचा प्रश्न.

ताई, सलाम. मी काही बायबलचा पंडित नव्हे. उद्यमनगरात चाळीस वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे नमुने, केले आणि त्यातली तेवीस वर्षं आमच्या मंडळीचा खजिनदार होतो. लोक काय देतात, कसं देतात आणि दिलेल्याचं पुढं काय होतं, हे मी थैलीच्या आतल्या बाजूनं बघितलंय. तिथून जे दिसलं ते सांगतो.

आधी त्या वीस रुपयांचं. उपासना सुटली की आम्ही तिघं वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीत, बसायचो. लाल मखमलीच्या, लाकडी मुठीच्या थैल्या मेजावर उलट्या करायच्या. नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती लावायच्या, नोटा सरळ करायच्या. एखादी घामानं ओली, एखादीवर हळदीचं बोट, एखादीची घडी इतकी बारीक की उघडायला नख लावावं लागतं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा जुळला की वहीत चढवून तिघांच्या सह्या. तुमची नोट त्यात आली की ती कुणाची हे आम्हाला कळत नाही, आणि कळून घ्यायची हौसही नसते, घरी ताटं वाढलेली असतात. ती नोट पुढं लाईटबिलात जाते, नाहीतर झाडलोट करणाऱ्या मावशींच्या पगारात. लाज काही वहीत चढत नाही.

विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट तुम्हाला त्या उपदेशात ऐकवली असेलच, जवळच्या दोनच दमड्या मंदिरात टाकणाऱ्या गरीब बाईची. बायबलात मार्कच्या बाराव्या अध्यायात आहे ती. पण ती वाचताना एक ओळ वर जा. लगेच आधी येशू शास्त्र्यांबद्दल बोलतोय, की हे लोक विधवांची घरं गिळतात आणि वर लांबलचक प्रार्थना करतात. दोन्ही गोष्टी एकाला एक लागून आल्यात. त्यामुळं गरिबाच्या खिशात हात घालायला कुणी ती गोष्ट वापरायला लागला की मला वरची ओळ आठवते. येशूनं त्या बाईचं मोल ओळखलं. तिच्या घरी वसुलीला जा असं त्यानं शिष्यांना सांगितलं नाही.

त्याच मार्कच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान'चा विषय आहे. आईबापांना द्यायचं ते 'देवाला वाहिलंय' असं सांगून हात वर करायचे, अशी पळवाट त्या काळी निघाली होती. येशूनं ती ढोंग म्हणून फेकून दिली. तुमच्या घरच्या हिशेबात याचा अर्थ एवढाच की सासूबाईंच्या गोळ्या आधी. गोळ्यांचे पैसे थैलीत टाकले तर ते दान तुमचं होत नाही, सासूबाईंचं होतं, तेही त्यांना न विचारता. पोरांची फी, घरभाडं, वाण्याची उधारी यांचंही तसंच. आमच्या गल्लीतल्या वाण्यानं एकदा मला अडवलं होतं. आमच्याच एकाची सहा महिन्यांची उधारी थकलेली, आणि नाताळात त्यानं थैलीत पाचशेची नोट टाकल्याचं वाण्याच्या कानावर गेलेलं. म्हणाला, "तुमच्या देवाला रोख आणि मला उधार व्हय?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

दशमांशाबद्दल मंडळ्यामंडळ्यांत मतभेद आहेत. तुमच्या पाळकसाहेबांशी तुमचं लावून द्यायचा माझा विचार नाही. नियमशास्त्रात दशमांश आहे, मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकात तो भांडारात आणायला सांगितलाय. प्रेषित पौल मात्र करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात टक्का सांगत नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याला जशी मिळकत झाली असेल तसं बाजूला काढा, म्हणतो. आणि दुसऱ्या पत्रात, नाखुशीनं किंवा भाग पडतं म्हणून देऊ नका, म्हणतो. माझं स्वतःचं मत असं, की एक तारखेला ज्याच्या खात्यात पगार पडतो त्यानं दहापासून सुरुवात करावी आणि तिथं थांबूही नये. हातावर पोट असलेल्या घराला तोच गज लावणं बरोबर नाही. ही सवलत मी माझ्या पदरची देत नाही. जुन्या करारातल्या लेवीयचा पाचवा अध्याय काढा. पापार्पणाला मेंढी किंवा बकरी आणायची. ती झेपत नसेल त्यानं दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. तेवढीही ऐपत नसेल त्यानं नुसतं सपीठ, त्यावर तेल नको, ऊद नको. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा योसेफ-मरीयेनं कोकरू नेलं नव्हतं. लूक पक्ष्यांची जोडीच सांगतो, म्हणजे गरिबाच्या रकान्यातलं अर्पण. ती जोडी याजकाच्या हातात देताना मरीयेची मान खाली गेली असेल असं मला वाटत नाही.

एक सावधगिरी मात्र. हल्ली मोबाईलवर हजार पेरा, लाख कापा असं सांगणारे पुष्कळ झालेत. स्क्रीनच्या कोपऱ्यात क्यूआर कोड असतो. ही भिशी झाली, ताई, आणि भिशी कशी चालते नि कशी बुडते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. अशांना रुपयाही देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. ती तुमच्याच धंद्यातली आहे. ब्लाऊज कापताना बाजूच्या शिलाईत तुम्ही माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवता. पुढं गिऱ्हाईक अंगानं भरलं की तीच माया उसवून ब्लाऊज पुन्हा बसवता. कापताना जी ठेवली नाही ती नंतर कापड कितीही ताणलं तरी येत नाही. आमच्या पॅटर्नच्या कामातही हेच. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं, बिडाचं साधारण शंभराला एक या मापानं. म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करायचा. त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच बाजारातल्या इंचापेक्षा केसभर लांब. शिकाऊ पोरगं साधी पट्टी लावून बसलं की कास्टिंग अंगानं बारीक येतं, मशीनिंगला काही उरत नाही, आणि माल भंगारात.

देण्याचंही असंच आहे असं माझ्या वह्या सांगतात. महिनाअखेरीला उरलं तर देऊ म्हणणाऱ्याकडं कधी उरत नाही. वीस हजारवाल्याकडं नाही आणि दोन लाखवाल्याकडंही नाही. जुन्या करारातल्या शेतकऱ्याला नियम होता: शेताच्या कडा कापू नकोस, खाली पडलेला सरवा वेचू नकोस, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. कडा सोडायची ती विळा चालवताना. पोती भरून घरी आणल्यावर मग त्यातलं काय काढावं याचा विचार करत बसायचं नाही. रूथ नावाची परकी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती याच नियमाच्या जोरावर, आणि त्या कडेच्या कणसांमधून पुढं दावीद राजाचं घराणं उभं राहिलं.

तेव्हा टक्क्याचा घोळ बाजूला ठेवा आणि महिन्याचं पहिलं ब्लाऊज देवाचं, असं ठरवा. साधं असो, अस्तराचं असो, त्याची जी शिलाई येईल ती एका डब्यात. डबा मशीनच्या फळीवर ठेवा, कपाटात नको, कपाटातला डबा विसरतो. लग्नसराईत दोन ब्लाऊज ठरवावीशी वाटली तर ठरवा. आषाढात एकही गिऱ्हाईक आलं नाही तर डबा रिकामा राहील, आणि पुढच्या महिन्यात त्याची भरपाई करायची नाही. देवाच्या वहीत थकबाकीचा रकाना नाही. आमच्या मंडळीच्या वहीत होता. मीच तो आखला होता आणि पाचएक वर्षांनी मीच बंद केला. वर्गणीची बाकी नावानिशी दारावर लावायची पद्धत होती तेव्हा. दोन घरं त्या कागदापायी यायची बंद झाली. ती परत आली नाहीत.

हे पैशाचं झालं. पण तुम्ही विचारलंय त्यातला मोठा भाग पैशाचा नाहीच.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग शिरोलीजवळ बंद, पेट्रोलला रांगा, दुधाची मारामार. आमच्या हॉलमध्ये तीसेक कुटुंबं मुक्कामाला होती, सगळ्या जातीधर्मांची. पाणी उतरायला लागलं आणि मदतीचे टेम्पो सुरू झाले. कपड्यांचे ढीग एवढे की स्टेज दिसेना. त्यात लग्नातले कोट होते, एका पायाची चप्पल होती, कुणाच्या तरी नाटकातला शेला होता. बायका अंगावरच्या साडीनिशी घराबाहेर पडलेल्या. साड्या ढिगात भरपूर निघाल्या. ब्लाऊज एकीचं एकीला बसेना. ओली साडी, ओलं ब्लाऊज, तीन दिवस तेच अंगावर. आम्हा पुरुषांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही बिस्किटांचे पुडे मोजत होतो.

आमच्या मंडळीत सत्तरी गाठलेल्या एक मावशी होत्या. वीस वर्षांत त्यांनी उपासनेत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी नातवाला हातगाडी आणायला लावली आणि घरची पायमशीन हॉलच्या दारात उजेडाला आणून ठेवली. लाईट नव्हती, पायमशीनला ती लागत नाही. एकेक बाईला समोर उभं करायच्या, टेप न लावता नुसत्या नजरेनं माप घ्यायच्या. ज्या ब्लाऊजात माया होती त्यांच्या बाजू उसवून टीप सरकवायच्या. ज्यांच्यात नव्हती त्यांना काखेपासून खाली दुसऱ्या कापडाची पट्टी. हिरव्या ब्लाऊजाला लाल पट्टी लागली तर बायका हसायच्या. चार दिवसांत पहिल्यांदा कुणी हसलेलं मी तेव्हा ऐकलं. मला त्यांनी एकच काम सांगितलं, हूक आणा. अर्धा दिवस मी हूक शोधत फिरलो. मदतीचे एवढे टेम्पो आले, त्यात हुकांचं एक पाकीट नव्हतं. शेवटी राजारामपुरीत एका बंद दुकानाच्या मालकानं वरच्या मजल्यावरून पिशवी सोडली. पैसे घेतले नाहीत. तो माणूस ख्रिस्ती नव्हता, पण त्या दिवशीचं अर्पण माझ्या मते त्याचंही होतं.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावची दुर्कस आहे. ती वारली तेव्हा पेत्राभोवती विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिनं शिवलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या. तिनं कधी उपदेश केला का, प्रार्थना कशी करायची, काही लिहिलेलं नाही. शिवलेले कपडे लिहिलेत. 'मला गाता येत नाही' म्हणालात ना, म्हणून सांगितलं.

त्या हुकांनी मला शिकवलेली गोष्ट अशी, की आपल्याकडं काय पडून आहे ते बघून दान ठरवू नये. काय कमी पडतंय ते आधी विचारावं, आणि ज्याला रोज ते काम करावं लागतं त्याला विचारावं. पाळकसाहेबांना विचाराल तर ते नवा कीबोर्ड सांगतील. झाडणाऱ्या मावशींना विचाराल तर फिनेल सांगतील. फिनेल आधी आणा.

धान्याचंही सांगतो, कारण पैसा नसला तरी मूठभर तांदूळ देता येईल असं तुमच्या मनात येईल. कल्पना जुनी आहे आणि चांगली आहे. मिझोराममधल्या मंडळ्यांत १९१० पासून बाया रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला टाकतात. 'बुहफाइ थम' म्हणतात त्याला. तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो आणि मंडळीचं मोठं काम त्यावर चालतं. आपल्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड तोच. ते जन्मले आपल्या जिल्ह्यातल्या कुंभोजला, आणि दारोदारच्या मुठीवर त्यांनी वसतिगृहातली पोरं जेवू घातली. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, इथलं मिशनचं काम तेव्हापासूनचं. त्या शतकात तिकडं अमेरिकेतल्या मंडळ्यांतल्या बाया-पोरांच्या घरी पुठ्ठ्याच्या लहान पेट्या असायच्या, मिशनसाठी चिल्लर टाकायला. त्या पेट्यांचं नावच विधवेच्या दमडीवरून पडलेलं. म्हणजे आपल्याला जे मोठ्या साहेबांचं दान वाटतं त्यात कुणा गवळणीचे, कुणा धोबिणीचे पैसे असणारच.

आम्हीही मुठीचा प्रयोग केला. तीस घरी डबे दिले. पहिल्या महिन्यात सगळं गोळा करून संडेस्कूलच्या पोरांना भात घातला, आणि फजिती झाली. कुणाचा इंद्रायणी, कुणाचा कोलम, कुणाचा रेशनचा जाडा, कुणाची बासमतीची कणी. एकाच पातेल्यात काही शितं लगदा, काही दाताखाली कचकच. पोरांनी खाल्लं, पोरं खातात. दुसऱ्या महिन्यात गोळा करायला जायचं कुणी हे ठरेना, आणि निम्म्या डब्यांत टोके झाले. तेव्हा अक्कल आली. तिसऱ्या महिन्यापासून तांदूळ बंद, फक्त जोंधळा. जोंधळा कुठल्याही घरचा चालतो, गिरणीत गेला की एकच पीठ. आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गोळा करायला ठरलेल्या दोन मुली, पाऊस असो, क्रिकेट असो. ते सात वर्षं चाललं. तुमच्या मंडळीत असं काही सुरू करायचं झालं तर आधी गोळा करणारा माणूस पक्का करा, डबे नंतर वाटा.

हार्वेस्टचं तुम्हाला माहीत आहे. हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक घरचं आणतात: नारळ, भोपळा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, उसाची मोळी, गुऱ्हाळाकडून गुळाचा रवा, काकवीची बाटली. उपासनेनंतर लिलाव. मला हा दिवस वर्षातला सगळ्यात आवडता. एकच कोंबडी तीनदा विकली जायची, कारण घेणारा परत देवालाच द्यायचा. चौथ्या वेळी तीच मेजाखाली जाऊन बसली होती. पण त्याच लिलावात मी एक वाईट गोष्टही बघितली. बोलणारा नाव घेऊन बोलायचा. अमक्या साहेबांचा भोपळा म्हटलं की बोली चढायची, आणि कुणा म्हातारीच्या सहा अंड्यांना कुणी हात वर करायचं नाही. अंडी तीच, बोली माणसावर. मी लिलाव हातात घेतला तेव्हा दोन बदल केले. सगळा माल एका मेजावर, कुणाचं काय ते सांगायचं नाही. आणि पहिली बोली बाजारभावाची, ती मंडळीच्या नावानं मीच लावणार, म्हणजे कुठलीच वस्तू खाली पडून राहणार नाही. दोनचार मोठ्या लोकांना ते आवडलं नाही. एकानं पुढच्या वर्षी भोपळा आणला नाही. चाललं.

आता तुमच्या हातातल्या कामाचं. मोशेच्या काळचा निवासमंडप, म्हणजे देवाचा तंबू, उभा राहिला तो अर्धा शिंप्यांच्या हातावर. निर्गमच्या सव्विसाव्या अध्यायात पडद्यांचं माप आहे, पडद्यांच्या दोन्ही जोडांच्या कडेला पन्नास-पन्नास निळी बिरडी आणि ते एकमेकांना जोडायला पन्नास सोन्याच्या आकड्या. पन्नास बिरडी समोरासमोर आली पाहिजेत, एक चुकलं की पडदा ओढ घेणार. हे वाचून पुरुष पान उलटतात. तुम्हाला त्यातली मेहनत कळेल. पुढं पस्तिसाव्या अध्यायात कातणाऱ्या बायांचाही मान राखून उल्लेख आहे. आणि छत्तिसाव्यात तर लोकांनी इतकं आणलं की आता पुरे, आणू नका, अशी मोशेला दवंडी द्यावी लागली. खजिनदार म्हणून ती ओळ मी फार वेळा वाचली. आमच्याकडं अशी वेळ कधी आली नाही.

मंडळीत शिवणाचं काम केवढं पडून असतं ते एकदा फिरून बघा. थैल्यांची मखमल काठीपाशी झिजलेली असते. पडद्यांचे अस्तर उन्हानं गळालेले. नाताळच्या नाटकात मेंढपाळांचे झगे दरवर्षी सेफ्टीपिनांवर, आणि गब्रीएल दूत पिन टोचली म्हणून ओरडतो. वसतिगृहातल्या पोरांच्या गणवेशाच्या चेन. यातलं एकच उचला. सगळं उचललंत तर वर्षभरात वैतागाल आणि मग मंडळीचंच तोंड बघावंसं वाटणार नाही. असे किती जण मी बघितलेत. एक काम, ठरलेल्या वारी, ठरलेला वेळ. आणि तुमच्या पोटाच्या कामाचे दिवस त्यासाठी मोडायचे नाहीत.

तुमच्या मालकांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो, कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. सेंट्रिंगवाला, रंगारी, गवंडी मंडळीत असला की कमिटीच्या डोळ्यांत चमक येते. आम्ही एका रंगाऱ्याला कंपाउंडची भिंत 'सेवा म्हणून' रंगवायला सांगितली. तो नाही म्हणाला नाही. तीन आठवडे लागले. नंतर कळलं, त्या तीन आठवड्यांचं रेशन त्यानं व्याजानं पैसे काढून भरलं होतं. त्याच वर्षी आम्ही साऊंडवाल्याला पूर्ण बिल दिलं होतं, कारण तो बाहेरचा. मजुराची अडकवलेली मजुरी आरोळी मारते असं याकोबानं लिहिलंय; ती आरोळी माझ्या वहीतून येत होती आणि मला ऐकू आली नाही. तेव्हा मालकांना सांगा, काम हातात घेतानाच बोलून घ्यायचं: एक दिवस माझा देवाला, बाकीच्या दिवसांची हजेरी घेणार. यात कमीपणा नाही. पौल तंबू शिवून पोट भरत होता, आणि तंबू फुकट वाटत होता असं कुठं लिहिलेलं नाही.

देताना अटी घालू नका एवढंच राहिलं. आमच्या चर्चमधल्या पंख्यांच्या पात्यांवर देणाऱ्यांची नावं लाल ऑईलपेंटनं लिहिलेली आहेत. लाईट गेली की दाते दिसतात. एका घरानं दिलेलं कपाट अकरा वर्षं अडचणीच्या जागी उभं राहिलं, कारण ते हलवायचं म्हटलं की घरचे रुसायचे. तुम्ही पडदा शिवलात आणि पुढच्या वर्षी कुणी तो बदलला तर बदलू द्या. जुना पडदा फरशी पुसायला निघाला तरी बघायचं नाही. अवघड आहे हे. मी केलेलं लाकडी वाचनपीठ आमच्या नव्या पाळकांनी काचेचं आणल्यावर वेस्ट्रीत गेलं, त्यावर आता झाडू-सुपल्या असतात. मी तिकडं बघत नाही, म्हणजे बघतोच.

आणि जावेशी बोलणं बंद असेल, शेजारणीशी भांडण असेल, तर डबा मशीनवर तसाच ठेवून आधी तिकडं जाऊन या. मत्तयच्या पाचव्या अध्यायात तसाच क्रम दिलाय.

सुरुवात कुठून करू असं परत विचाराल म्हणून सांगतो. तुमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड कसं आहे ते बघा. बहुतेक मंडळ्यांत ते रेडिमेड आणलेलं असतं, एका बाजूला चार बोटं आखूड, आणि द्राक्षरसाचे जुने डाग त्यावर तपकिरी होऊन बसलेले. डाग ताजा असेल तर कापड पातेल्यावर ताणून बांधायचं आणि वरून उकळतं पाणी ओतायचं, सुती असेल तर निघतो. जुना निघत नाही, कापडच नवं शिवावं लागतं. सुतीच घ्या, टेरिकॉटला घडीची रेघ राहते आणि ते मेजावरून घसरतं. कडेला दुमड दोन बोटांची ठेवा, धुऊन आटलं तर सोडता येईल. शनिवारी दुपारी बायका चर्च झाडायला येतात तेव्हा जाऊन माप घ्या, आणि टेप आपला घरचा न्या. मंडळीतला टेप ताणून ताणून लांबलेला असतो, आमचा तर दीड इंच खातो.